ज्योतीराममामांचे जादा अकरा सेकंद

मित्रांनो, तुमच्यात सहा वर्षांचे मूल पहिलीत जाते. आमच्यात सहा वर्षांचा म्हणजे म्हातारा. मी चाकणच्या एका कारखान्यातला असाच जुना व्हीआर हेडसेट आहे. डोळ्यांवर बांधायचा जाडजूड चष्मा म्हणा हवे तर. माझ्या आत दोन भिंगे आणि दोन लहान पडदे आहेत. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळे चित्र दिसते, मेंदू ती चित्रे जुळवतो आणि माणसाला वाटते, आपण दुसऱ्याच ठिकाणी उभे आहोत.

माझी जुळणी कुठे तरी फार दूर झाली. ज्या हातांनी माझा पट्टा बसवला ते मी पाहिले नाहीत. तेव्हा माझे कॅमेरे सुरूच झाले नव्हते. मी पाहिलेला पहिला चेहरा मिनल मॅडमचा. त्या कारखान्याच्या ट्रेनिंग रूममध्ये शिकवत आणि चिखलीहून कंपनीच्या बसने येत. त्यांनी कोरड्या मऊ कापडाने माझी भिंगे पुसली, तेव्हाच मला कळले की हा हात सांभाळणाऱ्याचा आहे.

आमच्या कारखान्यात मोटारीचे पत्रे जोडणारे रोबोट आहेत. प्रत्येक रोबोट जाळीच्या पिंजऱ्यात असतो, कारण समोर पत्रा आहे की माणूस, हे त्या लोखंडी हाताला कळत नाही. पिंजऱ्याचे दार लावून बाहेरचे बटण दाबले की तो फिरू लागतो. हे काम सगळ्यांनी आधी माझ्या आतल्या खोट्या पिंजऱ्यात शिकायचे. तिथे चूक झाली तरी कुणाला इजा होत नसे. माझे फार कौतुक झाले. खंडेनवमीला यंत्रांबरोबर माझीही पूजा झाली. ओंकारने झेंडूचे फूल माझ्या पट्ट्यात खोचले आणि कुंकवाचे बोट नेमके भिंगावर टेकवले. ते काढायला मॅडमना अर्धा तास लागला.

हा ओंकार रहाटणीचा, चोवीस वर्षांचा. माझ्या आतल्या सरावात सत्तर सेकंदांचे काम तो पन्नासात उरकत असे. दर शनिवारी सगळ्यांचे सेकंद लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडत. यादीत सर्वांत वर ओंकार आणि तळाला ज्योतीराममामा.

मामा मूळचे लातूरकडचे. लाइनवर त्यांची बावीस वर्षे झाली होती. मला पहिल्यांदा पाहून ते म्हणाले होते, "घोड्याला झापडं लावत्यात, तसंच दिसतंय की हे." तरी ते मन लावून शिकले. पण त्यांना एक्याऐंशी सेकंद लागत. मर्यादा सत्तरची. तीन महिने मर्यादेत न बसणाऱ्याला रोबोट लाइन सोडून पॅकिंगला जावे लागे.

कुणीतरी मामांचा फोटो काढला: डोळ्यांवर मी, दोन्ही हात हवेत चाचपडणारे. त्याचे स्टिकर झाले आणि ग्रुपभर फिरले. पूर्वी चहाच्या सुट्टीत पोरे मामांभोवती बसत. आता सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघून हसू लागले.

"मामा, फेमस झालात राव तुम्ही!" ओंकार म्हणाला.

"व्हय का? मग आता पॅकिंगला बसून सह्या देतो," मामा म्हणाले. सगळे हसले. त्या दिवशी मामांनी ग्रुप सोडला आणि चहाचा कप घेऊन ते एकटेच बसू लागले.

मित्रांनो, ते सेकंद मीच मोजत होतो. मला फार वाईट वाटे.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा शनिवार आला. सोमवारपासून मामा पॅकिंगला जाणार होते. मिनल मॅडमना मात्र एक गोष्ट खटकत होती. माणूस हळू असेल तर कधी अठ्ठ्याहत्तर लागतील, कधी नव्वद. दर वेळी एक्याऐंशीच कसे? त्यांनी मामांच्या सरावाची नोंद पुन्हा पाहिली. मामा दर वेळी त्याच दोन जागी थांबत होते. तिथे ते काय करतात ते कळेना, कारण सरावात माझा माइक बंद असे. म्हणून मॅडम मला घेऊन खऱ्या लाइनवर गेल्या.

मामा कपाटातून आपले हातमोजे काढत होते. ओंकारने पिंजऱ्याचे दार लावले आणि बटणाकडे हात नेला.

"ओंकार, हात काढ! हाक मारलीस का?"

"मामा, आत कोण असणार? टाइम चाललाय."

मामा जाळीच्या डाव्या कोपऱ्याशी गेले. "हाय का कुणी आत?" उत्तर आले नाही. ते मागच्या बाजूला गेले. "हाय का कुणी?"

"मी हाय की! थांबा जरा, सुपली भरतीय."

रोबोटमागच्या टेबलाखाली वाकून सफाईवाल्या छबूबाई वेल्डिंगचे पडलेले कण गोळा करत होत्या. टेबलाच्या पत्र्याआड त्या कुणालाच दिसत नव्हत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा ओंकार जमिनीवरच बसला होता.

"काय रं, भूत बघितलंस का?" त्यांनी विचारले.

दोष माझाही होता. माझ्या जगात त्या टेबलामागे कधीच कुणी नसे. मग ओंकारला तिथे माणूस असेल हे कसे सुचावे?

मामांनी मॅडमना सांगितले, "दोन्हीकडनं हाक मारायची अन् दर हाकेला मनात पाच मोजायचं. नवीन होतो तवा उस्तादानं शिकवलं." जादा अकरा सेकंद कुठे जात होते, ते मॅडमना तिथेच कळले.

सोमवारी मामा आपल्याच जागेवर होते. छबूबाईंना स्वतःचे कुलूप मिळाले. आत जाताना त्या ते उघड्या दाराला अडकवतात; ते तिथे लटकत असेपर्यंत रोबोट सुरूच होत नाही. ग्रुपवरची सेकंदांची यादी बंद झाली. माझ्या जगातही टेबलामागे एक बाई बसली. आता माझा माइक चालू असतो. हाक मारून उत्तर ऐकल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही. ते उत्तर छबूबाईंच्याच आवाजात आहे.

ओंकार मामांकडे आला. "मामा, ग्रुपमध्ये परत ॲड केलंय. स्टिकर डिलीट करायला लावलं सगळ्यांना."

"ते असू दे. आधी चहा पाज," मामा म्हणाले.

आता माझी बॅटरी चाळीस मिनिटेच टिकते. नवे, हलके हेडसेट आले आहेत. मॅडमनी बदललेला धडा त्यांच्यातही घातला आहे, म्हणून मागे पडल्याचे दुःख होत नाही. एवढीच विनंती, मित्रांनो: आमची भिंगे उन्हात उघडी ठेवू नका, ती ऊन एकवटतात आणि आतला पडदा जाळतात. आणि आमच्या पडद्यावर जो माणूस दिसत नाही, तो तिथे नाहीच असे कधी धरून चालू नका.

दुपारी तीनला पहिली पाळी सुटते. मी चार्जिंगला लावलेला असलो की ट्रेनिंग रूमच्या काचेतून मला गेट दिसते. छबूबाई डबा हलवत बसकडे जाताना दिसतात, आणि मला फार बरे वाटते.