पेलाभर दूध

तळहातावरची ती तपकिरी गोळी... चवळीच्या दाण्याएवढी, आणि घामाने तिचा रंग उतरून मालनच्या हातावरच्या रेषांत शिरलेला. शेगडीवर दूध वर येत होतं. सवयीने तापत ठेवलेलं. सहा महिने हे असंच – गोळी लोहाची, म्हणजे उष्ण, सुनेला, जान्हवीला, बाधू नये म्हणून वर पेलाभर दूध. मायेनेच की.

आणि काल मुलुंडच्या डॉक्टरीणबाई रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाल्या, "वजन कमी करायचं ऑपरेशन झालं की शरीर आधीच लोह कमी शोषतं. त्यात गोळी दुधाबरोबर? दूध उरलंसुरलं लोहही अंगाला लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हटलं होतं ना? महिन्याभरात हिमोग्लोबिन वाढलं नाही तर शिरेतून द्यावं लागेल."

"माझंच चुकलं, मॅडम," जान्हवी म्हणाली. "मलाच दुधाची सवय."

सवय! दुधाच्या वासाने नाक मुरडणारी ही पोर... मालन शेजारच्या खुर्चीत चोरासारखी बसून राहिली होती.

म्हणजे हिला ठाऊक होतं. ठाऊक असून रोज पेला रिकामा करत होती – कारण ऑपरेशनच्या वेळी मालनने आकाशपाताळ एक केलं होतं, पोट कापून कुणी बारीक होतं का गो, म्हणून दोन महिने अबोला धरला होता, आणि तो मोडला होता याच पेल्याने. तीस किलो उतरवले पोरीने, मूठभर भातावर, एकदाही कुरकुर न करता; चार मजले दडदड चढून यायची. हल्ली दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबतात, मग बराच वेळ काही ऐकू येत नाही... मालनला वाटायचं, कुणाशी बोलत असेल. दम लागत होता पोरीला. केवढं काळीज म्हणायचं हिचं! आणि किती वेडं.

तिने गॅस बंद केला. लिंबू कापून ग्लासभर पाण्यात पिळलं.

जान्हवी पर्स अडकवून आली आणि ग्लास बघून थबकली. "दूध नाही आज? आई... रागावलात?"

"नाय गो. दूध मी पिते. तू हे घे."

मालनने गोळी पुढे केली. जान्हवीने गोळी गिळली, आंबट तोंड केलं, हसली आणि कामाला गेली.

संध्याकाळी पावलं वाजली. पहिला मजला... दुसरा. थांबली. एका दिवसाच्या लिंबाने काय होणार, हे मालनला कळत होतं. तरी ती दार उघडं टाकून, कठड्याला धरून उभी राहिली – आणि तिच्या लक्षात आलं, की आपला श्वासही तिथेच, खाली, अडकलाय.