चहा कुठं खाणं असतं?

मी सोनोग्राफीचा प्रोब बोलतोय. डॉक्टर पोटावर फिरवतात तो, मुठीएवढा. तसा मी जन्मापासून बोलतोच आहे, पण माझा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. तो पोटात शिरतो, आदळून परत येतो आणि पडद्यावर त्याचं चित्र होतं.

या अंधाऱ्या खोलीत नऊ वर्षं काढली. हजारो पोटं पाहिली. सांगायचंय ते एकीबद्दल, कारण तिचा मी गुन्हेगार आहे.

शिवणकाम करणारी, चाळिशीची बाई. जेवलं की उजव्या बरगडीखाली कळ उठायची, पाठीत जायची. दोन वर्षांत दोनदा इथं आली. दोन्ही वेळा तिचं पित्ताशय आकसलेलं, मला आतलं काही दिसेना. अहवालात 'नीट दिसलं नाही, पुन्हा या' असं लिहायला हवं होतं. पण बाहेर रांग होती आणि 'नॉर्मल' म्हटलं की एका शब्दात भागतं. तो कागद घरी गेला आणि तिच्या दुखण्याला नाव पडलं: नाटक.

तिसऱ्यांदा आली तेव्हा नव्या डॉक्टरबाई होत्या, जेल तळहातावर कोमट करून लावणाऱ्या. मला मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "सकाळपासून काय घेतलंत?"

"काही नाही. कडकडीत उपाशी आहे."

"चहा?"

"तो घेतला की, दुधाचा. चहा कुठं खाणं असतं?"

दूध पोटात गेलं की पित्ताशय स्वतःला पिळून घेतं. रिकाम्या, चुरगळलेल्या पिशवीत खडा सहज लपतो. एवढा एक प्रश्न दोन वर्षं कुणाला सुचला नव्हता!

दुसऱ्या दिवशी ती चहाशिवाय आली. सोबत नवरा, कुरकुरत. पित्ताशय टम्म भरलेलं. तळाशी पांढरा ठिपका, मागे काळी सावली. "डाव्या कुशीवर वळा, ताई." ती वळली तसा खडा गडगडत गेला.

डॉक्टरबाईंनी पडदा तिच्याकडे फिरवला. तिनं खडा पाहिला. मग हळूच म्हणाली, "अहो, हे बघा माझं नाटक."

 कागदी रुमाल घेऊन नवरा तिच्या पोटावरचं जेल पुसू लागला, लेकराचं तोंड पुसावं तसं.

ऑपरेशननंतर ती येऊन गेली. माझ्यासाठी मऊ कापडाची पिशवी शिवून आणली होती.

आता माझी वायर चिरलीय, पडद्यावर काळे पट्टे येतात. उद्या माझी रवानगी खणात. माझ्या जागी येणाऱ्याला जो हात धरेल, त्याला एवढंच सांगतो: 'नॉर्मल' लिहिण्याआधी चहाचं विचारा.

मी त्या पिशवीत निजतो. शिवण पक्की आहे.