काचेतलं खातं

मोठे साहेब मंत्र्यांचे व्याही होते. गुप्तहेर खात्याच्या प्रमुखपदाला एवढी पात्रता पुरली. लढाई पेटली आणि चाळीस माणसांचे जीव त्यांच्या हाती आले. त्याआधी त्यांच्या हाती कुणी घरातल्या कपाटाची किल्लीसुद्धा दिली नव्हती.

कचेरीच्या दारावर 'पाणीमीटर दुरुस्ती' अशी पाटी होती. आत नोंदी सांभाळणाऱ्या बाईंनी आठ वर्षांत शेजारणीलाही खरं काम सांगितलं नव्हतं. अशा जागी साहेबांनी फोटोवाला बोलावून खात्याचा ग्रुप फोटो काढवला. मधोमध खुर्चीत आपण, पायावर पाय टाकून. मागे माणसं उंचीप्रमाणे. त्यांत बाईंचा धाकटा दीरही होता. शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर बनून तो गुरुवारी सीमेपलीकडे जाणार होता.

मंगळवारी बाजारातून जाताना बाई थबकल्या. फोटोवाल्याच्या काचेत, दोन नवरानवरींच्या फोटोंमधे, अख्खं खातं टांगलेलं. दीर मागच्या रांगेत दात काढून हसतोय. त्या बाजारात शत्रूची कोण कोण माणसं फिरतात, याची यादी बाईंच्याच कपाटात होती.

"काढा तो फोटो," बाई म्हणाल्या.

"साहेबांनीच लावायला सांगितलाय, ताई. रोज येऊन बघून जातात."

बुधवारी सकाळी बाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, तो फोटो बाजारात लागलाय."

"पाहिलात? उजेड जरा डावीकडून हवा होता."

"उद्या जाणारा माणूस आहे त्यात. तिकडे कुणी ओळखला तर जिवंत परत यायचा नाही."

"त्याला कोण बघतंय? मधे मी बसलोय."

"मग निदान त्याचं जाणं तरी थांबवा."

"हुकमावर सही माझी आहे, बाई. मीच मागे घेतली तर खात्याची काय अब्रू राहील?"

बाई आपल्या टेबलाशी आल्या. साहेब कागद कधी वाचत नसत, फक्त सही करत; खाली दोन वेलांट्या काढून, मान तिरकी करून त्या सहीकडे बघत. बाईंनी टाइप केलं : सदर इसमास दमा असल्याने पाठवू नये, कोठारात नेमावे. तो कागद साहेबांच्या खोलीतल्या नव्या गालिच्याच्या मागणीखाली सरकवला. दुपारी दोन्हींवर वेलांट्या उमटल्या.

संध्याकाळी दीर फुरंगटून आला.

"वहिनी, मला दमा कधी झाला?"

"दुपारी."

"कोठारात बसवलंय मला. लोक हसतील."

"हसू देत. फोटोत तू कमी हसलायस का?"

तो गेल्यावर बाईंना मागची रांग पुन्हा डोळ्यांपुढे दिसली. पलीकडे जाणारे आणखी सहाजण होते तिथे, आणि त्यांना वहिनी नव्हती. बाईंनी टाइपरायटर पुढे ओढला. सगळ्यांनाच दमा देऊन भागणार नव्हतं. एकाला गुडघा दिला, दुसऱ्याला रातांधळेपणा.

पलीकडे जायला माणूसच उरला नाही, हे साहेबांच्या ध्यानात येईपर्यंत लढाई संपली असती. सकाळी आधी ते गालिचा बघणार होते.