टाकीवरची वाघजाई

डेरेवाडीच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मंगळवारी सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. हिर्डोशीकडच्या वाड्यांवरून माणसं चालत आली होती, उत्रोलीहून दोन टेम्पो भरून आले होते, आणि जो तो हातात रिकामी बाटली घेऊन उभा होता. सगळ्यांचे डोळे एका टेबलाकडे. टेबलावर पंचायतीचा जुना कॉम्प्युटर, पडद्याला झेंडूची माळ आणि पडद्यावर चार चौकोन. पहिल्यात वाघजाईचा गाभारा, दुसऱ्यात देवळामागची पाण्याची टाकी, तिसऱ्यात शाळेचं फाटक, चौथ्यात एसटीचा थांबा.

लोक बघत होते ते फक्त टाकीकडे.

समोर पन्नास पावलांवर, देवळाच्या मंडपात, तिथंच मुक्कामाला असलेले इंद्रजित महाराज घंटेखाली उभे होते. "आई, लेकरं आली हायती. दर्सन दे," असं म्हणून त्यांनी घंटेवर जोरात तीन टोले हाणले. तिसऱ्या टोल्याला पडद्यावरची टाकी थरथरली आणि तिच्यावर, हवेत, एक फिकट चेहरा उमटला. मोठं कुंकू, नथ, रुंद डोळे. तो चेहरा सावकाश डावीकडून उजवीकडे सरकला आणि विरून गेला. ओट्यावर शंभर हात जोडले गेले.

महाराज ओट्यावर आले. भगवा झब्बा, मनगटात तांब्याचं कडं. "माणसाचा डोळा मायेला भुलतो. कॅमेऱ्याचा भुलत न्हाई. तिकडं परदेशात असल्या दैवी लहरी पकडायला कोट्यवधींची यंत्रं लावतात, तरी गावत न्हाईत. आपल्या पंचायतीच्या कॉम्प्युटरला गावल्या. का? तर भूमी शुद्ध. आई टाकीवर उतरली, म्हंजे पाण्यात उतरली. दुखणं कसलंबी असो, एकवीस दिवस हेच पाणी. दुसरं औषध पोटात असंल तर लहरी अडतात, येवढं ध्यानात ठेवा."

गर्दीच्या कडेला, खांद्याला हत्यारांची पिशवी लावून माया उभी होती. भोरला एसटी स्टँडमागे तिचं कॅमेरे बसवायचं छोटं दुकान होतं, आणि हे चार कॅमेरे तिनंच तीन आठवड्यांपूर्वी बसवले होते. जुन्या पद्धतीचे. प्रत्येक कॅमेऱ्याची एक तार, चारही तारा येऊन कॉम्प्युटरमधल्या कार्डाला जोडलेल्या.

ह्या कामानं तिला जेरीला आणलं होतं. पहिल्याच आठवड्यात पंचायतीचे शिपाई कुंडलिकतात्या यांचा फोन आला, "ताई, टाकीत कायतरी भुतावानी दिसतंय." ती स्कूटरवरून आली. चित्र स्वच्छ. दोन तास बसून राहिली, काही दिसलं नाही. ॲडॉप्टर बदलून घरी गेली. भोरला पोचते न पोचते तोच फोन, "आलं बगा परत." दुसऱ्या खेपेला तिनं कार्ड काढून पुसलं, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. तरी संध्याकाळच्या आरतीला चेहरा आलाच. यावेळी तिला स्वतःला दिसला. तिनं पटकन टाकीची तार काढून कार्डाच्या दुसऱ्या खाचेत लावली, तर चेहरा तारेबरोबर तिकडे गेला. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष होता. खोट तारेत होती. आणि तार तिनं स्वतः ओढली होती.

तार पूर्ण तपासायला ती तिसऱ्यांदा आली, तोवर खोटीची देवी झाली होती. सरपंच अक्काबाई हात जोडून म्हणाल्या, "मायाताई, आता ऱ्हाऊ द्या. आई आलीया, तुमी तिला घालवू नका." मायाला हसावं की रडावं कळेना. बिघाड दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसाला बिघाडाला हात लावायची बंदी.

आज ती पिशवी घेऊन आली होती ती केवळ रत्नामुळे. रत्ना टाकीशेजारी राहायची. कॅमेरे बसवताना तिनं दोन दिवस मायाला जेवू घातलं होतं आणि तिची बारावीतली मुलगी राजनंदिनी शिडी धरून उभी राहिली होती. तेव्हाच रत्नानं सांगितलं होतं, की पोरीला पूर्वी फिट यायच्या, भोरच्या डॉक्टरांची गोळी सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकदाही आली नाही. काल रत्नाचा फोन आला होता. आनंदात होती. "ताई, गोळी बंद केली. बारा दिस झाले. आईच्या पाण्यावर हाय पोर."

माया गर्दीतून वाट काढत रत्नापर्यंत पोचली. "वहिनी, गोळी अशी एकदम बंद करत नसतात. डॉक्टरांना विचारलं का?"

"महाराज म्हनले, गोळीनं लहरी अडत्यात."

"महाराज डॉक्टर आहेत का?"

रत्नानं उत्तर द्यायच्या आत राजनंदिनीच्या हातातली बाटली खाली पडली. पोरीचे डोळे वर फिरले, अंग ताठ झालं आणि ती फरशीवर कोसळून झटके देऊ लागली. बाया मागे सरल्या. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल काढून नाकाशी धरली. मायानं ती चप्पल बाजूला सारली, स्वतःची ओढणी पोरीच्या डोक्याखाली घातली, आजूबाजूच्या बाटल्या लांब केल्या आणि झटके थांबल्यावर तिला कुशीवर वळवलं. दीड-दोन मिनिटं गेली असतील. मायाला तो वेळ तासाएवढा वाटला.

"वारं आलं," महाराज मोठ्यानं म्हणाले. "आई अंगात उतरली. कुणी हात लावू नका."

"जीप काढा. हिला भोरला न्यायला हवं," माया म्हणाली.

कुणी हललं नाही. रत्नानंही नकारार्थी मान हलवली. "ताई, आई अंगात असताना पोरीला कसं न्यायचं?"

महाराज तरातरा देवळाकडे गेले. पुन्हा तीन टोले. पडद्यावर पुन्हा तो चेहरा. लोकांनी डोकी टेकली. माया पोरीचं डोकं धरून खालीच बसली होती, आणि खाली वाकलेल्या गर्दीवरून तिला प्रथमच चारही चौकोन एकाच वेळी नीट दिसले. तिची नजर पहिल्या चौकोनावर अडली. गाभाऱ्यात देवी होती. आणि देवीच्या कपाळावरून टाकीचे तीन नळ सावकाश सरकत चालले होते.

टाकीवर देवी आली होती हे खरं. पण देवीवर टाकीही आली होती. तिकडे कुणी बघितलंच नव्हतं.

 मंडपातला लोखंडी खांब मायाच्या डोळ्यांसमोर आला. गाभाऱ्याची आणि टाकीची, दोन्ही तारा त्याच खांबावरून येत होत्या. तिथं तारेची लांबी पुरली नव्हती, म्हणून तिनं दोन्हींना सांधे दिले होते आणि ते एकाच डबीत कोंबले होते. अंधारून आलं होतं, सांध्याला लावायच्या जोडपिना संपल्या होत्या. तिनं तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती, पुढच्या खेपेला नीट करू म्हणून. आणि घंटा त्याच खांबाच्या कमानीला टांगलेली होती.

तिनं पोरीचं डोकं रत्नाच्या मांडीवर दिलं. "हिला अशीच कुशीवर ठेवा आणि पडद्याकडं बघत राहा. पाच मिनिटं द्या मला. मग जे योग्य वाटेल ते करा. अक्काबाई, तात्या, तुम्ही माझ्याबरोबर या. देवाला काही करत नाही मी, शब्द देते."

गाभाऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर तिनं सरपंचबाईंना उभं केलं, देवी त्यांच्या पाठीमागे झाकली जाईल अशा बेतानं. "हात जोडून उभ्या राहा. तात्या, घंटा वाजवा. जोरात."

महाराज आडवे आले. "बाई, हा खेळ न्हाई."

"तुमचंच करतेय मी. आई हाकेला येते ना? येऊ दे."

कुंडलिकतात्यांनी तीन टोले दिले. ओट्यावरून एकदम गलका उठला. मग कुणीतरी ओरडून सांगितलं, "सरपंचबाई टाकीवर हायती. चष्म्यासकट."

तात्या टोले देतच राहिले. अक्काबाई कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. टाकीवरच्याही गेल्या, पुन्हा आल्या. माणसं ओट्यावरून उतरून मंडपाकडे येऊ लागली. मायानं स्टूल मागवलं, वर चढून डबीचे दोन स्क्रू काढले. आत उन्हानं वितळून सुटलेली चिकटपट्टी लोंबत होती. तांब्याची दोन उघडी टोकं, एकमेकांपासून तांदळाच्या दाण्याएवढी लांब.

"घंटा वाजली की खांब हादरतो, खांब हादरला की ही टोकं चिकटतात," ती म्हणाली. "मग एका कॅमेऱ्याचं चित्र दुसऱ्याच्या तारेत शिरतं. गाभारा टाकीत दिसतो, टाकी गाभाऱ्यात. दोन्ही कॅमेरे आपापल्या चालीनं चालतात, म्हणून आलेलं चित्र एका जागी थांबत नाही, सरकतं. बघा." तिनं बोटानं टोकं जुळवली. ओट्यावरून आवाज आला, "आली." तिनं सोडली. "गेली." मग मध्ये कागदाची घडी घालून तिनं तात्यांना घंटा वाजवायला लावली. दहा टोले झाले. ओटा गप्प.

"मंग हे केलं कुणी?" अक्काबाईंनी विचारलं.

मायाला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. आठ दिवस ती याच प्रश्नाला भीत होती. खोट तारेत आहे हे कळल्यावर ती हट्टानं सगळी तार तपासू शकली असती. बंदी घातली, तेव्हा मनातून जरा सुटल्यासारखंच वाटलं होतं.

"मी केलं. सांधा माझा आहे. घाईत कच्चं काम केलं, आणि नंतर सांगायची लाज वाटली. पोरीला आज झटका आला, त्यात माझाही वाटा आहे."

महाराजांनी संधी सोडली नाही. "ऐका. म्हंजे आईनंच हिच्या हातून तारा जोडून घेतल्या. लीला म्हंत्यात ती हीच."

"असेल," माया म्हणाली. "तारा आईनं जोडून घेतल्या म्हणा हवं तर. पण गोळी बंद करायला तुम्ही सांगितलंत. ते आईच्या नावावर घालू नका."

तेवढ्यात कुंडलिकतात्या, खाली बघत, म्हणाले, "घंटा कुनीबी वाजवली तरी दिसतं, हे म्याच सांगितलं व्हतं त्यास्नी. पयल्याच आठवड्यात. ते म्हनले, तात्या, हे कुणाला बोलू नगा."

कुणी महाराजांच्या अंगावर धावून गेलं नाही. लोक नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. महाराजांनी झब्बा झाडला, "कलियुग हाय," असं काहीतरी पुटपुटले आणि उत्रोलीच्या टेम्पोत जाऊन बसले. टेम्पोवाल्यानं त्यांना उतरवलं. म्हणाला, जागा पोरीला पाहिजे.

राजनंदिनी भोरच्या दवाखान्यात दोन दिवस होती. गोळी अशी अचानक तोडल्यानं जिवावर बेतू शकलं असतं, असं डॉक्टरांनी रत्नाला समोर बसवून समजावलं. गोळी पुन्हा सुरू झाली. रत्ना मायाशी चार दिवस बोलली नाही, आणि मायालाही त्यात काही गैर वाटलं नाही. पाचव्या दिवशी माया पक्क्या जोडपिना घेऊन डेरेवाडीला गेली, दोन्ही सांधे वेगवेगळ्या डब्यांत केले आणि चारही चित्रं अक्काबाईंना दाखवली. अक्काबाईंनी काम बघितलं आणि शाळेच्या आतल्या नव्या कॅमेऱ्यांचं काम आपण दुसऱ्याला देत आहोत, असं स्पष्ट सांगितलं. माया बरं म्हणाली.

घंटा वाजत होती. वाघजाई गाभाऱ्यात होती, टाकी टाकीच्या जागी.

पायऱ्या उतरताना रत्ना समोर आली. "ताई, तुमी चूक कबूल केली नसती तर आमी तुमचंबी ऐकलं नसतं," ती म्हणाली. "पर एक सांगा. मला कसं कळावं, कुनाचं ऐकायचं?"

माया म्हणाली, "जो म्हणतो विचारू नका, त्याचं ऐकू नका, वहिनी. माझंसुद्धा. तार कुठनं कुठं जाते ते दाखव म्हणायचं. गोळी बंद करायला कुणी सांगितलं, तर ज्यानं ती दिली त्याला आधी विचारायचं. खरं सांगणाऱ्याला दाखवायला काही अडचण नसते."

रत्नानं मान डोलावली. मग तिनं मायाचा हात धरला आणि तिला परत मंडपात नेलं. "मंग मला ते सांधं दावा," ती म्हणाली. "उघडून."

मायानं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.