फेल्टीनच्या सात खाचा

सख्खे भाऊ बंदुकीच्या नळीवरून बोलायचे थांबतात, हे मी माझ्याच घरात पाहिलं. माझे यजमान योस्ट आणि धाकटा दीर फेल्टीन लँकेस्टरला एकाच भट्टीवर रायफली घडवायचे. नळीच्या आत गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा असतात; त्या कापायच्या सळईचं एक टोक योस्ट धरायचे, दुसरं फेल्टीन. खाचांचा पीळ घट्ट हवा असं योस्टचं म्हणणं. सैल हवा असं फेल्टीनचं. एवढ्यावरून फेल्टीन बायकोपोरीला घेऊन केंटकीला निघून गेला. चौदा वर्षांत दोघांनी एकमेकांना चार ओळी लिहिल्या नाहीत. मग फेल्टीन तापानं गेल्याचा निरोप आला. योस्ट त्या दिवशी नेहमीसारखे जेवले. मला त्यांचा फार राग आला.

सफरचंदं आटवायला घातली होती त्या आठवड्यात फेल्टीनची पोर सालोमे दारात उभी राहिली. गेली तेव्हा तीन वर्षांची होती. हनुवटी अगदी बापाची.

"काका, बाबांची रायफल आहे. खाचा झिजल्यात. हरणावर नेम धरला तर गोळी झाडात जाते. भाऊ लहान आहेत, हिवाळ्यात मांस मलाच आणायचंय. सोमवारी आमची गाडी परत निघते."

योस्टनी नळीत डोकावून पाहिलं. "पीळच चुकलाय. सगळा कापून नळी गुळगुळीत करतो आणि माझा घालतो."

"याच रायफलीवर बाबांनी आम्हाला वाढवलं, काका," सालोमे हळूच म्हणाली.

मी पळी आपटली. "अहो, मेलेल्या माणसाशी कसलं भांडता? त्याचं एवढंच उरलंय, तेही खरवडणार?"

ते रायफल उचलून कामाच्या खोलीत गेले.

सकाळी मी कॉफी घेऊन गेले, तर नळीच्या तोंडात सळई धरून तिच्याभोवती त्यांनी शिसं ओतलं होतं. असं केलं की शिशाच्या ठोकळ्यावर जुन्या खाचांचा ठसा उठतो.

"किती चुकलाय ते मोजतोय," माझ्याकडे न बघताच म्हणाले.

त्यांनी सळई आत ढकलली, मग ओढली. ठोकळा खाचांमधून सरकला तशी ती त्यांच्या हातात आपोआप, संथपणे फिरत आली. पुन्हा ढकलली, पुन्हा ओढली.

"कुठंही अडकत नाही गं. सातही खाचा," ते म्हणाले. "आणि हे त्यानं एकट्यानं केलं. सळईच्या दुसऱ्या टोकाला मी नव्हतो."

मग ते रडले. मी कॉफी खाली ठेवली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच ठोकळ्यात त्यांनी पातं बसवलं आणि फेल्टीनच्याच वाटेनं सातही खाचा पुन्हा खोल केल्या. नळी किंचित रुंदावली, म्हणून गोळ्यांचा साचाही कोरून मोठा केला. शनिवारी सालोमेनं साठ पावलांवरच्या फळीवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत लागल्या.

"पीळ सैलच आहे," योस्ट म्हणाले. "पण लागतंय."

"नळीवर बाबांच्या नावाखाली तुमचंही कोरा ना, काका."

"नको. बनवली त्यानं."

आमच्या घरी शिशाचा कणही वाया जात नाही; योस्ट जमिनीवरचा चुरासुद्धा झाडून घेतात. डिसेंबरात मी गोळ्या ओतत होते आणि शिसं थोडं कमी पडलं. खिडकीत सात खाचांच्या ठशाचा तो ठोकळा होता, तो मी कढल्यात टाकायला उचलला.

"तो राहू दे," योस्ट म्हणाले. "फेल्टीन चौदा वर्षांनी घरी आलाय."