योग्य वेळी कळवण्यात येईल

समजा, उद्या सकाळी तुम्ही शाळेत गेलात आणि तुमचा वर्ग बदललेला आहे. नवी खोली, नवा फळा, भिंतीला ताजा रंग. प्रत्येक बाकावर एकेक चिठ्ठी चिकटवलेली. ज्याची चिठ्ठी, त्याचा बाक. तुम्ही पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत शोधत गेलात आणि तुमची चिठ्ठी कुठेच नाही. सगळे बसले. तुम्ही एकटे दप्तर घेऊन उभे. बाईंना विचारलंत, तर त्या म्हणाल्या, "कळवू हं, योग्य वेळी."

आता सांगा, पोटात कसा गोळा येईल? तो गोळा तसाच धरून ठेवा, गोष्टीत आपल्याला लागणार आहे. फक्त गोष्ट तुमच्याएवढ्या कुणाची नाही, एका आईची आहे. आणि गंमत अशी की त्या चिठ्ठ्या लिहिणारी तीच होती.

ही आई कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. कुलपं ती बनवत नसे. कंपनीत काही ठरलं की ते सगळ्यांना नीट समजेल असं लिहून सांगायचं, हे तिचं काम. सुट्टी कधी, कॅन्टीन किती वाजता बंद, नवं यंत्र कुठे बसणार, सगळ्या सूचना तिच्या हातच्या.

तिची मुलगी चौथीत होती. मामानं तिला 'टाचणी' म्हणायला सुरुवात केली, कारण तिचे प्रश्न बारीक असत आणि नेमके टोचत. शाळा सुटली की टाचणी रस्ता ओलांडून आईच्या कंपनीत यायची आणि फाटकाजवळच्या खोलीत दारवाल्या काकांच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. आईचं काम संपलं की दोघी मिळून घरी.

त्या वर्षी कंपनी हलायचं ठरलं. नदीपलीकडे नवी इमारत बांधून तयार झाली होती आणि येत्या सोमवारी सगळं खटलं तिकडे जाणार होतं. महिनाभर आईच्या नाकी नऊ आले होते. मोठे साहेब तिला एक ओळ पाठवायचे, ती त्याची पानभर सूचना करायची, साहेब अर्धी खोडायचे आणि वर विचारायचे, "हे इतकं त्रोटक का?" लोक जिन्यात गाठून प्रश्न विचारायचे. बरीच उत्तरं तिलाच कुणी दिलेली नसायची. मग सूचनेच्या शेवटी ती एक ठरलेलं वाक्य ठेवून द्यायची: 'याबाबत योग्य वेळी कळवण्यात येईल.' गुळगुळीत वाक्य. कुणाला लागायचं नाही आणि कुणाच्या उपयोगीही पडायचं नाही.

दारवाल्या काकांनीही तिला एकदा विचारलं होतं, "ताई, तिकडे फाटकावर मीच ना?"

"कळेल हो काका, योग्य वेळी," असं म्हणून ती पुढे गेली होती. घाईत होती बिचारी.

घरी टाचणी रोज विचारायची, "आई, सोमवारपासून मी शाळा सुटल्यावर कुठे येऊ?"

"बघू गं नंतर. आत्ता डोकं खाऊ नकोस."

मामा हसायचा. तो सामान पोचवायची गाडी चालवायचा आणि ताईची थट्टा करणं हा त्याचा जोडधंदा होता. "टाचणे, कुठे विचारतेस! कुलपांची कंपनी ती. आधी तोंडाला लावतात, मग दाराला."

अशा ऐन धांदलीत साहेबांनी आईला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता, 'बदलाच्या काळात लोकांशी कसं बोलावं'. आईचा संताप झाला. "इथे घर पेटलंय आणि मला विहीर खणायच्या वर्गाला पाठवतायत!" पण हुकूम तो हुकूम.

पहिला दिवस तिनं घड्याळ बघण्यात घालवला. पडद्यावर बाण आले, गोल आले, गोलातून पुन्हा बाण निघाले. तिच्यासारखेच निरनिराळ्या कंपन्यांत सूचना लिहिणारे दहा-बारा जण होते. शेजारी बँकेतले एक गृहस्थ बसले होते. ते कानात कुजबुजले, "मी असाच वर्ग तिसऱ्यांदा करतोय. जेवण बरं असतं."

दुसऱ्या दिवशी मात्र शिकवणाऱ्या बाईंनी पडदा गुंडाळला आणि खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या. बाई ठेंगण्या, केस पांढरे, मनगटात कड्यासारखं चिकटपट्टीचं रीळ.

"तुम्ही लिहिलेली शेवटची सूचना काढा," त्या म्हणाल्या. "समजली का, असं आपण विचारायचं नाही. लोक घाबरून हो म्हणतात. सूचनेप्रमाणे करून बघायचं. कोण येतं पुढे?"

कुणी हलेना. मग आईच उठली. एकदाची ब्याद टळू दे, म्हणून.

बाईंनी तिला विचारून विचारून जमिनीवर चिकटपट्टीनं नव्या इमारतीच्या खोल्या आखल्या. मग वर्गातल्या लोकांना कामं वाटली. तुम्ही हिशेबवाले, तुम्ही खरेदीवाले, तुम्ही दुरुस्तीवाले. बँकेतल्या गृहस्थांना दारवाले केलं. "आता वाचा," बाई आईला म्हणाल्या. "आपली जागा ऐकली की ज्यानं त्यानं तिथे जाऊन उभं राहायचं."

आई वाचत गेली. हिशेबवाले खिडकीपाशी गेले. खरेदीवाले दाराजवळ. दुरुस्तीवाले कोपऱ्यातल्या चौकोनात दाटीवाटीनं उभे राहिले आणि "अहो, जरा सरका की" म्हणून भांडूही लागले. सूचना संपली. बँकेतले गृहस्थ मधोमध तसेच उभे.

"मी कुठे जाऊ?" ते म्हणाले. "फाटकाचं काही आलंच नाही तुमच्यात."

वर्ग हसला. आईही थोडं हसली.

तेवढ्यात बाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी तर वाचणारी आहे."

"ते झालं. सोमवारी तुम्ही कुठे बसणार?"

आईनं कागद वरून खाली वाचला. खालून वर वाचला. सूचना लिहिणाऱ्यांचा विभाग त्यात कुठेच नव्हता. महिनाभर तीच ती सूचना तिनं इतक्यांदा लिहिली होती, आणि दिव्याखालचा अंधार तिला एकदाही दिसला नव्हता. सगळे आपापल्या चौकोनात उभे होते. मधे बँकेतले गृहस्थ आणि ती.

आता तो पोटातला गोळा आठवा.

बाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नसेल, तर माहीत नाही म्हणून सांगा. माणूस तेवढं सोसतो. पण पुन्हा कधी विचारणार आणि कधी सांगणार, ते नक्की सांगा. 'योग्य वेळ' कुठल्याच घड्याळात वाजत नाही."

वर्ग सुटताच आई तडक कंपनीत गेली. तिथे सगळीकडे खोकीच खोकी. प्रत्येकाच्या टेबलावर एक रिकामं खोकं ठेवलेलं, त्यावर कागद चिकटवलेला: विभाग, आणि नवी जागा. तिच्याही टेबलावर होतं. विभाग लिहिलेला. 'नवी जागा' कोरी.

ती साहेबांच्या खोलीत शिरली. "साहेब, नव्या इमारतीत माझं टेबल कुठे आहे?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वरून अजून काही आलेलं नाही."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

साहेबांनी वर पाहिलं. आईनंही पाहिलं. वर पंखा फिरत होता.

"हे बघा," साहेब म्हणाले, "काळजी करू नका. याबाबत आपल्याला योग्य वेळी कळवण्यात येईल."

"साहेब, हे वाक्य माझं आहे."

"म्हणून तर वापरतो! फार छान वाक्य आहे."

"टेबल नाही, की कामच नाही? एवढं तरी सांगा."

"तसं मी कुठे म्हटलं?"

"मग कसं म्हटलंत?"

साहेबांचा फोन वाजला आणि ते त्यात बुडून गेले. आई बराच वेळ उभी राहिली. शेवटी बाहेर आली, खण उपसला, पेनं, फायली, पाण्याची बाटली, टाचणीनं काढलेलं वाकड्या मांजराचं चित्र, सगळं त्या खोक्यात कोंबलं. इथे ठेवलं तर कुठे पाठवतील याचा भरवसा नव्हता. मामाला फोन केला. मामा गाडी घेऊन आला, खोक्याकडे पाहिलं, ताईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

फाटकातून निघताना दारवाले काका उठून उभे राहिले. आईला त्यांच्याकडे बघवेना.

घरी मामानं खोकं बाहेरच्या खोलीत टेकवलं. आईनं चपला अशा काढल्या की एक पलंगाखाली गेली. भांडी आदळली. पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. महिनाभर राब राब राबायचं, आणि आपलंच भिजत घोंगडं! त्या दिवशी मामानंच शाळेतून घरी आणून सोडलेली टाचणी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मग तिनं विचारलं, हळूच, पण विचारलं.

"आई, सोमवारपासून मी शाळा सुटल्यावर कुठे येऊ?"

"सांगितलं ना एकदा, बघू..."

आणि आईचं तोंड तसंच उघडं राहिलं. तिला पंख्याखालचे साहेब दिसले. मग फाटकापाशी घाईघाईनं पुढे निघून जाणारी एक बाई दिसली. ती कोण, ते तुम्ही ओळखलंत. तिनंही ओळखलं.

ती जमिनीवर टाचणीसमोर बसली.

"ऐक. कंपनी सोमवारी नदीपलीकडे जाणार, हे मला माहीत आहे. तिथे माझं टेबल आहे की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलं. मला सांगितलं नाही."

"ओरडलीस?"

"ओरडायला हवं होतं. उद्या सकाळी मी परत जाणार आणि साहेब सांगेपर्यंत त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून राहणार. उद्या जेवायच्या आधी तुला सांगेन."

"आणि त्यांनी नाहीच सांगितलं तर?"

"तर नाही सांगितलं, असं सांगेन. पण सांगेन."

टाचणीनं थोडा विचार केला. "आणि दारवाले काका?"

आईनं कपाळाला हात लावला. "त्यांचंही विचारते. आणि आधी त्यांना जाऊन सांगते, की मला माहीत नाही म्हणून."

मामा कोपऱ्यातून म्हणाला, "टाचणे, झालं ना समाधान?"

"नाही," टाचणी म्हणाली. समाधान कसं होईल? उत्तर मिळालंच नव्हतं. पण ती रडली नाही आणि रुसलीही नाही. तिनं दप्तरातून जाड लाल खडू काढला, खोक्यापाशी गेली आणि 'नवी जागा' या कोऱ्या रकान्यात जीभ बाहेर काढून, दाबून दाबून लिहिलं: 'आई विचारते आहे. उद्या जेवायच्या आधी कळेल. तोपर्यंत हलवू नये.'

मग खालच्या बाजूला उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत 'दारवाल्या काकांचंही' असं लिहिलं. आणि कुणी खरंच हलवू नये म्हणून खोक्यावर चढून बसली आणि गृहपाठाची वही उघडली.