व्हर्नाचा तिसरा शनिवार

कोल्टर गावच्या कापसाच्या जिनिंग-कारखान्यातल्या काटाघरात दर शनिवारी दुपारी पोकरचा डाव बसे. खुर्च्या सात. सलग तीन शनिवार जो पैशांऐवजी लावायच्या सगळ्या चकत्या घालवून उठेल त्याने खुर्ची सोडायची आणि दारावरच्या यादीतल्या पहिल्याला द्यायची, हा तिथला जुना कायदा. व्हर्ना स्टकीचे दोन शनिवार रिकाम्या हाताने गेले होते. हा तिसरा. नवरा गेल्यापासून आठवड्यात माणसांत बसणं असं तिला या खुर्चीपुरतंच उरलं होतं.

यादीत पहिलं नाव डेल्बर्टचं, समोरच्या खुर्चीतल्या होलिस टेबरच्या मेहुण्याचं. तो बाहेर पिकअपमध्येच बसून होता.

पानं वाटणाऱ्या प्रुइटने प्रत्येकाला दोन-दोन झाकली पानं दिली. व्हर्नाला बदाम एक्का आणि इस्पिक गुलाम आला. बाकीच्यांनी पानं टाकली; चार-चार चकत्या लावून ती आणि होलिस दोघंच उरले. मग सगळ्यांच्या सामाईक पाच पानांतली पहिली तीन पटावर उघडली: बदाम गुलाम, बदाम सत्ती, किलवर चौकी.

होलिसने सहा चकत्या लावल्या. व्हर्नाकडे गुलामांची जोडी, वर एक्का. पण तिने बोली वाढवली नाही. वाढवली की थापाड्या पळतो आणि खरा तेवढा उरतो. तिने सहा पुढे सरकवल्या.

चौथं पान इस्पिक दुर्री. होलिसने पंधरा लावल्या.

"व्हर्नाबाई, घरी कपडे वाळत घातलेत ना? वारं सुटलंय."

"माझ्या कपड्यांची काळजी तुला कधीपासून रे? उघड पान, प्रुइट," म्हणत तिने पंधरा टाकल्या.

पाचवं पान आलं बदाम नव्वी. पटावर आता तीन बदाम झाले. होलिसने क्षणभरही न थांबता ढीग ढकलला.

"तुमच्या पुढ्यात जेवढ्या आहेत तेवढ्या."

पस्तीस होत्या. हरली तर खुर्ची गेली.

व्हर्नाने घोटभर गार चहा घेतला आणि तीन पानांपासूनची हकिगत मनात पुन्हा मांडली. होलिसकडे तीन सारखी पानं असती, तर हा बदाम पाहून तो दबकला असता. म्हणजे ही उडी सांगत होती की त्याच्याकडे पाच बदामांचा रंग जमलाय. पण तीस वर्षं हाच माणूस सांगत आला होता, की एक्क्याशिवाय रंगामागे धावणं म्हणजे कोरड्यात कापूस पेरणं. आणि बदामाचा एक्का तर तिच्या मुठीत होता. सुरुवातीची बोली आणि शेवटची उडी, दोन्ही एका माणसाच्या तोंडी शोभत नव्हत्या.

माणूस तीस वर्षांचा शब्द एखाद्या दिवशी मोडतोही. मोडला असेल तर मोडला.

"बघते," आपल्या पस्तीसही पुढे सरकवत ती म्हणाली.

होलिसने पानं उलटली. इस्पिक राजा, चौकट राणी. जोडीसुद्धा नाही.

"अरेरे!" प्रुइट हसला. "राजा-राणीला घेऊन एकटाच निघाला होता वरातीला!"

"हसू नकोस," होलिस म्हणाला. "सहा महिने झाले, डेल्बर्ट आमच्या सोफ्यावर पडलाय. बायको म्हणते, शनिवारपुरता तरी घराबाहेर काढ त्याला."

"मग तुझी खुर्ची दे की," चकत्या ओढत व्हर्ना म्हणाली. "तू थांब घरी, सोफ्यावर."

होलिसने खिडकीतून पिकअपकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. डेल्बर्टने डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

डाव संपायला अजून दोन तास होते. प्रुइटने पुढची पानं वाटली. व्हर्नाला दश्शी आणि तिर्री आली. तिने पाहिली आणि टाकून दिली.